मिल्ट्रीची जुनी रायफल की चांदमारीची रायफल: विदर्भातल्या खेड्यातून लांब पल्ल्याच्या नेमबाजीकडे जाताना शस्त्राची निवड

पुलगावला दारूगोळ्याचा अवाढव्य डेपो, भद्रावतीला आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुधनिर्माणी, नागपूरला अंबाझरी, कामठीला छावणी. एवढे सगळे आसपास असल्यामुळे आपल्याकडच्या पोरांना वाटते की लष्कराने मोडीत काढलेली एखादी रायफल कुठल्यातरी लिलावात मिळत असणार. फौजेतून परत आल्यापासून हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतो. "काकाजी, मिल्ट्रीची जुनी रायफल भेटते का हो कुठी? दूरचा नेम शिकाचा आहे." या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते: नाही, मिळत नाही. पण त्यानंतर काय घ्यावे आणि ते कसे पारखावे हे सांगायला जागा लागते, म्हणून हा लेख.

पहिली पायरी: कोणती दारे बंद आहेत ते समजून घेणे

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ यांनुसार अर्धस्वयंचलित रायफली (दर बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) पहिल्या, म्हणजे प्रतिबंधित गटात येतात. बोल्टची, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने खिट्टी ओढावी लागणारी रायफलसुद्धा ०.३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) असेल, किंवा लष्कराचे त्या मापाचे काडतूस तिच्यातून उडवता येत असेल, तर ती याच गटात मोजली जाते. म्हणजे फौजेची जुनी अर्धस्वयंचलित एसएलआरही नाही आणि तिच्या आधीची ०.३०३ची ली-एनफिल्डही नाही. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र जवळ बाळगल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची शिक्षा आहे. पूर्व विदर्भातल्या एखाद्या जुन्या मालगुजाराच्या वाड्यात आजोबांच्या काळातली ०.३०३ सापडली, तर ती साफसूफ करून शेतात दोन बार काढून पाहण्याचा मोह आवरावा आणि आधी वकिलाकडे व मग पोलीस ठाण्यात जावे.

परदेशांत चित्र वेगळे आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातली एम-वन गॅरँड ही रायफल सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या नागरिकांच्या नेमबाजीसाठीच्या संस्थेमार्फत पात्र नागरिकांना विकली जाते. स्वित्झर्लंडमध्ये सेवा संपलेल्या सैनिकाला ठरावीक अटींवर आपली रायफल अर्धस्वयंचलित करून घरी ठेवता येते, आणि ३०० मीटरची चांदमारी हा तिथला गावोगावचा खेळ आहे. आपली मुले जे व्हिडिओ बघतात ते तिकडचे असतात. ते जरूर बघावेत, पण त्यातली खरेदीची यादी इथे चालत नाही.

दुसरी पायरी: जे मिळत नाही त्याची हळहळ कितपत करावी

मी एसएलआर पुष्कळ वर्षे खांद्यावर वागवली आहे आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. चिखलात पडली, धुळीत लोळली, तरी ती चालायची. पण चालणारी रायफल आणि एकाच भोकात गोळ्या घालणारी रायफल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसएलआरचे शरीर बिजागरीवर मधोमध उघडते. मागचा डोळा (नेम धरताना ज्यातून बघतात ते भोक) खालच्या भागावर असतो आणि पुढची माशी (नेमाचे टोक) नळीच्या बाजूला वरच्या भागावर. ते दोन भाग जोडणारा खटका जुना होऊन जरासा हलू लागला की डोळा आणि माशी यांचे नातेच दर बाराला थोडे बदलते, आणि नेमबाज बिचारा स्वतःच्या श्वासाला दोष देत बसतो. शिवाय या जातीच्या रायफलींचा चाप जड असतो, नळीला वायूची नळी आणि दट्ट्या लटकलेला असतो, आणि गोळी सुटण्याच्या सुमारासच आत लोखंड मागे-पुढे धावू लागते. गॅरँडचा मागचा डोळा त्या मानाने फार चांगला आहे, एका टिचकीला जवळपास एक मिनिट सरकतो. पण तिला चुकीच्या, संथ जळणाऱ्या दारूचे काडतूस दिले तर तिचा लांब दांडा वाकतो. युद्धासाठी बनवलेल्या वस्तूत अशा तडजोडी असणारच.

हा 'मिनिट' काय, ते एकदा नीट समजून घ्यावे, कारण पुढची सगळी निवड त्यावर उभी आहे. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि तो १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर भरतो. ३०० मीटरवर तोच ८७ मिलिमीटर होतो. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर फलकावर दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचे असते आणि प्रत्येक पुढचे वर्तुळ १०० मिलिमीटरने मोठे होत जाते. म्हणजे एका मिनिटाचा गट, म्हणजे एकाच नेमावर काढलेल्या बारांचा फैलाव, देणारी रायफल दहाच्या आत बसते. तीन मिनिटांचा गट देणारी झिजलेली लष्करी रायफल मात्र २६ सेंटीमीटर पसरते, आणि मग नेमबाज कितीही निष्णात असला तरी काही गोळ्या आठच्या वर्तुळात जाणारच. स्वतःची चूक आणि रायफलची चूक वेगळी ओळखता येत नाही, अशा हत्यारावर शिकणे फार महाग पडते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १० आणि ५० मीटरच्या रायफल प्रकारांत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते, हेही इथेच सांगून ठेवतो. खेळाच्या रस्त्याने जाणाऱ्याला अर्धस्वयंचलित यंत्रणेचा उपयोगच नाही.

तिसरी पायरी: आधी अंतर ठरवा, मग काडतूस, आणि शेवटी रायफल

बहुतेक लोक उलटे करतात. आधी रायफल आवडते, मग तिच्या गोळ्या कुठे मिळतील याची चौकशी सुरू होते, आणि शेवटी लक्षात येते की ती चालवायला जवळपास रेंजच नाही. स्वतःच्या शेतात, धुऱ्याला मातीचा ढिगारा घालून ०.२२ची चांदमारी करू, असा विचार मनात येत असेल तर तो तिथेच सोडावा. ०.२२ची एवढीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि आपल्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाया, गुराखी आणि शेजारच्या वावरातला गडी कुठे वाकलेला असेल ते दिसत नाही. परवान्याचे शस्त्र मान्यताप्राप्त रेंजवरच चालवायचे.

म्हणून खेड्यातल्या माणसाचे खरे अंतर १० मीटर आहे, तेही हवेच्या जोरावर छर्रा सोडणाऱ्या एअर रायफलचे. ते ऐकून पोरांचे चेहरे पडतात, पण १० मीटर फलकावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक घेतले ते याच प्रकारात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले. उभे राहणे, श्वास, चाप आणि बार निघाल्यावरही डोळा न हलवणे, हे सगळे १० मीटरवर जसे शिकले जाते तसेच पुढे ३०० मीटरवर कामाला येते. लांब पल्ल्यावर जास्तीचे येते ते वाऱ्याचे आणि मृगजळाचे ज्ञान.

चौथी पायरी: एअर रायफलची निवड

शस्त्र नियम २०१६नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल विनापरवाना घेता येते. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद ठेवतो. नोंद न करता देणाऱ्याकडून घेऊच नये. एक फसगत इथे नेहमी होते. आठवडी बाजारात किंवा ओळखीतून जुनी, ५.५ मिलिमीटरची, म्हणजे ०.२२ बोअरची छर्ऱ्याची बंदूक स्वस्तात मिळते. ती आता परवान्याच्या कक्षेत येते आणि खेळाच्या कामाचीही नाही. खरेदीपूर्वी नळीवर कोरलेले माप स्वतः वाचावे.

ताकदीच्या मागे लागू नये. "किती दूर जाते?" हा प्रश्न दुकानात विचारणारा माणूस चुकीची रायफल घेऊन घरी येतो. सामन्याच्या एअर रायफलची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते. छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो आणि कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो. वीस ज्यूलच्या जवळ जाणारी स्प्रिंगची रायफल मात्र बार काढताना दोन्ही दिशांना झटका देते, आणि तो झटका सावरण्यातच नवशिक्याचे वर्ष जाते.

स्प्रिंगची की दाबलेल्या हवेची, हा पुढचा निर्णय आहे. स्प्रिंगच्या, मधून मोडणाऱ्या रायफलला बाहेरून काही लागत नाही, ती टिकाऊ असते आणि पहिले सहा महिने घरी सराव करायला पुरते. दाबलेल्या हवेच्या रायफलला झटका जवळजवळ नसतो आणि स्पर्धेत सगळ्यांच्या हातात तीच दिसते, पण तिच्या सिलिंडरला सुमारे २०० बार (हे हवेच्या दाबाचे माप) इतक्या दाबापर्यंत हवा भरावी लागते. नागपुरात ती सोय होते. घाटंजी, सिरोंचा किंवा धारणीच्या बाजूला राहणाऱ्याने मात्र रायफलच्या पैशांतच उच्च दाबाचा हातपंप धरावा. सायकलचा किंवा ट्रॅक्टरच्या टायरचा पंप इथे काहीच कामाचा नाही. वाल्टर, फाइनवेर्कबाऊ, आनशुट्झ या जर्मन कंपन्यांच्या रायफली अप्रतिम असतात आणि त्यांची किंमतही तशीच असते. प्रिसिहोलसारखे भारतीय उत्पादक आता सरावाच्या दर्जाच्या रायफली बनवतात, आणि दुरुस्तीचा भाग देशातच मिळणे ही खेड्यातल्या माणसाला मोठी सोय आहे. जिल्हा संघटनेतल्या वरच्या नेमबाजाने बदललेली वापरलेली रायफल मिळाली तर ती अनेकदा नव्या साध्या रायफलपेक्षा सरस ठरते.

अंगाला बसते की नाही हे दुकानातच बघावे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल नेहमीसारखा दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मागच्या डोळ्यातून माशी सरळ दिसली तर दस्ता बसला. मान वाकवावी किंवा उचलावी लागली, तर गालपट्टी आणि दस्त्याची लांबी सरकवता येते का ते पाहावे. वाढत्या वयाच्या मुलासाठी ती सरकलीच पाहिजे. नियमात ५.५ किलोपर्यंत वजन चालते म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात पाच किलोची रायफल देऊ नये, तिची कंबर वाकडी होते आणि वाकडी उभे राहण्याची सवय मग वर्षानुवर्षे मोडत नाही. चाप दोन टप्प्यांचा असावा: पहिला टप्पा हलका, मग एक स्पष्ट अडथळा, मग बार.

छर्रे सपाट डोक्याचे घ्यावेत. एकाच कंपनीचे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर असे डोक्याचे बारीक फरक मिळतात. प्रत्येकी एक डबी आणून, रायफल रेतीच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच बारांचे गट काढावेत आणि जो गट सर्वांत घट्ट येईल तोच छर्रा पुढे घेत राहावा. हे काम एका रविवारी होते आणि त्याचा फरक महागड्या सुट्या भागांपेक्षा जास्त पडतो.

रेंजसाठी गोठ्याशेजारची लांब पडवी किंवा रिकामे गोदाम पुरते. बार काढणाऱ्याच्या रेषेपासून फलकाच्या कागदापर्यंत नेमके १० मीटर, फलकाचे केंद्र जमिनीपासून १.४० मीटर, मागे पक्की भिंत, छर्रा अडवायला आत तिरपी पत्री असलेली लोखंडी पेटी, आणि मधल्या पट्ट्यात उघडणारे एकही दार नको. छर्रा शिशाचा असतो, म्हणून सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाला हात लावू देऊ नये.

पाचवी पायरी: ०.२२ आणि त्यापुढे

०.२२ रायफलला परवाना लागतो आणि त्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते. त्याहून लहान नेमबाजांसाठी प्रशिक्षणाची वेगळी तरतूद आहे, ती क्लब आणि संघटनेमार्फत वापरावी. तालुक्याच्या महाविद्यालयात एनसीसी असेल तर ०.२२ हाताळण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

या मापात काडतूस फार वेगाचे घेऊ नये. बेताच्या, आवाजाच्या वेगाखालच्या काडतुसांचे गट चांगले येतात. ५० मीटरवर नेम बांधलेली ०.२२ची गोळी १०० मीटरवर जवळपास वीतभर खाली लागते, आणि ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा तिला ५० मीटरवरच अडीच-तीन सेंटीमीटर ढकलतो. ५० मीटर फलकाचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आहे. वारा वाचायला शिकवणारी याहून चांगली शाळा नाही. लांब पल्ल्याची हौस असलेल्याने १०० मीटरवर ०.२२ वर्षभर चालवावी, त्याला ३०० मीटरवर जे भेटणार आहे त्यातले बहुतेक इथेच कळते.

त्यापुढे नागरिकाला परवान्यावर मिळणारी देशी बनावटीची रायफल म्हणजे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची ०.३१५. तिची यंत्रणा ली-एनफिल्डच्या वळणाची आहे, पण काडतूस लष्करी नसल्यामुळे ती प्रतिबंधित गटात येत नाही. गोळी जड आणि संथ असते, त्यामुळे १०० मीटरपर्यंत ती नीट वागते आणि पुढे वेगाने खाली येते. थर्टी-ओ-सिक्स, म्हणजे गॅरँडचेच काडतूस, बोल्टच्या रायफलमध्ये आपल्याकडे परवान्यावर चालते आणि ३०० मीटरला ते खरोखर योग्य आहे, पण काडतुसांचा भाव आणि उपलब्धता विचारल्यावर बहुतेकांचा उत्साह उतरतो. महिन्याला दहा काडतुसे परवडणारी रायफल घेण्यापेक्षा दोनशे परवडणारी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी: जुनी रायफल पारखणे

०.३१५ बहुधा दुसऱ्या परवानाधारकाकडूनच येते, म्हणून तिची तपासणी सविस्तर करावी. प्रथम ती रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने, दोन्हींनी पाहावे. बोल्ट काढून मागे पांढरा कागद धरावा आणि नळीच्या तोंडाकडून आत बघावे. आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या वळणदार पन्हळी) धारदार आणि चकचकीत दिसले तर उत्तम. कडा गोलावल्या असतील किंवा देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसत असतील तर पुढे बोलणी करू नयेत. जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत उरतो, हवेतली ओल धरतो आणि तिथे गंज खातो. तो क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, म्हणूनच ०.३०३च्या जमान्यातले शिपाई नळीत उकळते पाणी ओतत असत.

मग नळीचे तोंड बघावे. गोळी सर्वांत शेवटी ज्या कडेला स्पर्श करते ती कड एका बाजूने झिजली असेल, तर बाकी नळी कितीही चांगली असो, गट पसरतो. पुढून दांडा घालून निष्काळजीपणे साफ केलेल्या रायफलीत हे हमखास आढळते. कापसाचा एक पेळू त्या कडेवरून हळूच फिरवावा. तंतू अडकले तर तिथे खरखर आहे. या तपासणीचे साहित्य आपल्याकडे वावरातच पिकते.

दस्त्याचे लाकूड नळीला कुठे दाबते ते कागदाची पट्टी मधून सरकवून पाहावे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे आषाढात बांधलेला नेम चैत्रात चुकतो. शेवटी विक्रेत्याच्या उपस्थितीत, रेंजवर, त्याने उडवलेली दोन-तीन काडतुसांची रिकामी पुंगळी मागून घ्यावी. तळाच्या कडेच्या थोडे वर चमकदार वलय उमटले असेल तर पुंगळी तिथे ताणली जात आहे, म्हणजे बोल्ट आणि नळी यांच्यातले अंतर वाढले आहे. अशी पुंगळी एक दिवस तुटते. ती रायफल कारागिराने मापकाने तपासल्याशिवाय खांद्याला लावू नये.

गट बघताना विक्रेता एक सुंदर कागद दाखवतो. तो बाजूला ठेवावा. पिशवीवर टेकवून पाच बारांचे तीन गट काढावेत, मध्ये नळी थंड होऊ द्यावी, आणि तिन्हींमधला सर्वांत वाईट गट खरा मानावा.

सातवी पायरी: परवाना आणि विदर्भाच्या अडचणी

जिल्हा रायफल संघटनेचे आणि त्यांच्यामार्फत राज्य संघटनेचे सदस्यत्व आधी घ्यावे, स्पर्धांची गुणपत्रके जपून ठेवावीत, सुरक्षा प्रशिक्षणाचे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तयार करावे, आणि मगच अर्ज करावा. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडे. परवाना आता ५ वर्षांचा असतो. सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, खेळाडूंना वेगळी सवलत आहे.

आपल्या भागात एक अट अनेकांना ऐनवेळी कळते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या कलम ३४नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. ताडोबा, मेळघाट, नागझिरा, पेंच, टिपेश्वर यांच्या भोवतालची गावे मोजली तर ही अट किती घरांना लागू होते ते लक्षात येईल. अशा गावात राहणाऱ्याने अर्जाआधीच वनविभागाकडे चौकशी करावी. खेळासाठी घेतलेल्या रायफलीने रानडुक्कर किंवा रोही हाकलायला जाऊ नये. पीक कितीही गेले असले तरी परवान्याचा हेतू तो नाही, आणि एकदा गुन्हा नोंदला की खेळही संपतो.

रायफल कुलपाच्या लोखंडी कपाटात, बोल्ट दुसऱ्या कुलपात आणि काडतुसे तिसरीकडे ठेवावीत. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, पारा ४५च्या वर असताना, हवा भरलेले सिलिंडर किंवा काडतुसे उभ्या गाडीत ठेवू नयेत. तापलेल्या काडतुसातली दारू जास्त जोराने जळते आणि गोळी नेहमीपेक्षा वर लागते, म्हणून रेंजवरही डबा सावलीत, ओल्या फडक्याखाली न ठेवता कोरड्या पिशवीत असावा. उन्हाळ्यात सराव सकाळी नऊच्या आत आटोपावा, कारण त्यानंतर जमिनीवरून उठणारे मृगजळ फलकाचा काळा गोळा पाण्यात हलावा तसा हलवते. मृग लागला की कॅनव्हासच्या खोळीतून रायफल बाहेर काढून ठेवावी, कारण ती खोळ ओल धरते. नळीत तेलाचा हलका हात द्यावा आणि पुन्हा बार काढण्यापूर्वी तो कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून घ्यावा, नाहीतर पहिली गोळी हमखास वेगळ्या जागी जाते.